पारडाचं पुढे काय झालं

आमच्या शाळेतल्या पुस्तकांच्या कपाटाला दोन कुलपं होती. एक कपाटाचं अंगचं आणि दुसरं मुख्याध्यापकांनी पेणच्या बाजारातून आणून कडीला लावलेलं पितळी. दोन्ही किल्ल्या सरांच्या कमरेला. आत सोनंनाणं नव्हतं. पहिली ते चौथीच्या मुलांनी वाचावीत म्हणून सरकारने पाठवलेली गोष्टींची पुस्तकं होती, आणि ती मुलांपासून वाचवण्याचं काम सर जिवापाड करत होते.

हे सांगताना मला आजही राग येतो. वय वाढलं की राग उतरतो, असं माझ्या सासूबाई म्हणायच्या. माझा काही उतरला नाही.

सर वाईट माणूस नव्हते, हे आधीच सांगते. वेळेवर येत, वेळेवर जात, शाळेच्या पैशाला हात लावत नसत. गळकं छप्पर स्वतः वर चढून शाकारत. पुस्तकाला चुकून पाय लागला तर वाकून नमस्कार करत आणि मुलांनाही करायला लावत. "एकसुद्धा पान फाटलेलं नाही मॅडम आपल्या शाळेत," असं ते अभिमानाने सांगत. पान उलटलंच नाही तर फाटेल कसं, हे मी मनात म्हणायची. पुढे पुढे तोंडावरही म्हणायला लागले.

कपाट उघडायचं ते फक्त पाहुणे आले की. तालुक्याचे साहेब, देणगी देणाऱ्या कंपनीची माणसं, वाढदिवसाच्या वह्या वाटायला आलेला एखादा पुढारी. आदल्या दिवशी निरोप यायचा आणि आमची धावपळ सुरू व्हायची. मुलांचे हात साबणाने धुवायचे, व्हरांड्यात सतरंजी घालायची, उंच मुलं मागे, बुटकी पुढे. मग सर एकेक पुस्तक वाटत. कोणतं पुस्तक कुणाला, हे ठरलेलं असे. दर वेळी ज्याचं त्यालाच. त्यामुळे गोळा करताना गोंधळ होत नाही आणि कमी पडलं तर कुणाकडून ते लगेच कळतं, अशी सरांची पद्धत होती. पाहुणे येत, मुलं मान खाली घालून बसत, फोटो निघत. आम्ही चहाचे कप घेऊन उभ्या. पाहुण्यांची गाडी वळणाआड गेली की पुस्तकं परत आत, आणि दोन्ही कुलपं.

चौथीच्या माझ्या वर्गात वाडीवरची एक मुलगी होती. आमचं गाव कासू स्टेशनापासून खाडीच्या अंगाला, आणि वाडी उलट दिशेला, डोंगराच्या पायथ्याशी. तिथून ही मुलं चालत येत. तिचे आईबाप पावसाळ्यात गावच्या शेतांवर मजुरीला जात आणि दिवाळी झाली की विटभट्टीवर. मुलगी अंगाने किरकोळ आणि बोलायला कमी. पण एक प्रश्न ती मला आठवड्यातून एकदा तरी विचारायची.

"बाई, सायेब कदी येनार?"

मला वाटायचं, हिला साहेबांबरोबर येणाऱ्या बिस्किटांची आशा असेल. शेवटी एकदा मी विचारलंच, "तुला गो काय करायचेत साहेब?"

तेव्हा तिने सांगितलं. तिच्या वाट्याला येणारं पुस्तक एका पारडाचं होतं. म्हशीचं पारडू खाडीत ओहोटीला चरायला जातं आणि चिखलात रुततं. ते ज्या मुलीचं असतं ती एकटीच बांधावर उभी असते. आणि भरती यायला लागते. पाहुणे जेवढा वेळ थांबत तेवढा वेळ ही वाचत होती. पुढच्या पाहुण्यांना तिथूनच पुढे. असं करत ती तिसरीपासून ते पुस्तक वाचत आली होती. मागच्या साहेबांना घाई होती, चहाही न घेता गेले, म्हणून पाणी पारडाच्या पोटाला लागलं तिथेच तिची गोष्ट थांबली होती.

"पुडं काय झालं बाई?"

मला कुठे माहीत होतं? मीही ते पुस्तक कधी उघडून पाहिलेलं नव्हतं. शाळेतल्या एकाही शिक्षकाने पाहिलेलं नव्हतं.

अर्धवट गोष्ट म्हणजे काय ते मला चांगलं ठाऊक आहे. माझे वडील वडखळच्या बाजूला मिठागरावर होते आणि आई पेणच्या एका गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करायची. शाळा सुटली की मी तिथे जाऊन बसायची. मूर्ती पेंढ्यात आणि रद्दीत बांधून परगावी जात, त्या रद्दीतली मासिकं हेच माझं वाचनालय. सगळी फाटकी. गोष्टीला कधी डोकं नसायचं, तर कधी शेपूट. पण माझ्यापुढे रद्दीचा ढीग तरी मोकळा होता, त्याला कुणी कुलूप लावलं नव्हतं.

मी सरांकडे गेले. म्हटलं, एक पुस्तक द्या, वाडीवरच्या मुलीला घरी नेऊ दे.

"मॅडम, वाडीवर पुस्तक गेलं म्हणजे चुलीत गेलं."

"मग मी वर्गात वाचून दाखवते. हातात देत नाही कुणाच्या."

त्यावर सर जे बोलले ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. अगदी शांतपणे, समजूत घातल्यासारखे म्हणाले, "एकदा उघडलं की रोज उघडावं लागेल."

श्रावणात कंपनीचा निरोप आला की ते शाळेला नवं कपाट आणि नवी पुस्तकं देणार आहेत. जुनं कपाट रिकामं करायला सरांनी ते पूर्ण उघडलं, आणि खालचा खण हाताला भुसा होऊन आला. वाळवी. वरच्या खणांना ओल धरलेली, पुस्तकांच्या पाठींवर पांढरी बुरशी. आमच्याकडचा पाऊस काय असतो ते सगळ्यांना माहीत आहे. बंद कपाटात दर पावसाळ्यात ओल धरल्यावर दुसरं काय होणार? एवढं जपून शेवटी वाळवीने वाचली. सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते खोटं नव्हतं, म्हणून तर मला जास्त चीड आली.

आता या पुस्तकांचं करायचं काय? रद्दीत घालायची तर साक्षात सरस्वती वाण्याच्या दुकानात पुड्या बांधायला जाणार. जाळायची तर पाप. खाडीत सोडायची तर आता कुणी सोडू देत नाही. दोन दिवस शिक्षकांच्या खोलीत याच्यावर खल झाला. आणि मग तोडगा निघाला, जो फक्त आमच्या पेण तालुक्यातच निघू शकतो. दर वर्षी शाळेत एक कारागीर येऊन मुलांना कागदाच्या लगद्याचे गणपती करायला शिकवत असे. त्याला रद्दी लागायचीच. या वर्षी पर्यावरणपूरक मूर्तींची स्पर्धाही होती. पुस्तकं भिजवायची, लगदा करायचा आणि गणपती घडवायचे.

"विद्या विद्येच्या देवाकडे गेली," सर म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणी म्हणालं, पुस्तकांचं सोनं झालं.

मी म्हटलं, वरच्या खणांतली अजून वाचण्याजोगी आहेत. निवडून काढू, मी घरी नेऊन गच्चीवर ऊन दाखवते. सर म्हणाले, त्यातलं एक जरी नव्या कपाटात गेलं तर नव्यालाही वाळवी लागेल. मी म्हटलं, मग कपाटात नका ठेवू, मुलांना वाटून टाका. त्यावर ते "बघू" म्हणाले. आमच्या खात्यात "बघू" म्हणजे काय ते मला कळायला हवं होतं.

त्याच आठवड्यात मला रोह्याला प्रशिक्षणाला जायची ऑर्डर आली. विषय वाचन.

रोह्याच्या त्या हॉलमध्ये पंखे घरघरत होते आणि आम्ही सगळ्या शिक्षिका पदराने वारा घेत बसलो होतो. शिकवायला आलेल्या तरुण बाईंनी पडद्यावर एक छोटी फिल्म लावली. आफ्रिकेतल्या कुठल्याशा देशातली प्राथमिक शाळा. पत्र्याचं छप्पर, लाल माती, एका बाकावर दाटीवाटीने बसलेली मुलं. एका लाकडी पेटीत पुस्तकं. पेटीला झाकण होतं, कुलूप नव्हतं. पुस्तकं अशी फाटलेली की विचारू नका. कोपरे झिजलेले, पानांना पट्ट्या चिकटवलेल्या, एकाला तर सुईदोऱ्याने शिवलं होतं. एक मुलगी पाठीवर भावाला बांधून घराच्या पायरीवर बसली होती आणि शेजारच्या आजीला वाचून दाखवत होती. आजी हसत होती.

माझ्या बाजूच्या बाई हळहळल्या. "अरेरे, बघा ना, किती फाटकी पुस्तकं बिचाऱ्यांची. आपण किती सुखी."

मला हसू आलं, आणि पाठोपाठ असा संताप आला की मी उठून उभीच राहिले. म्हटलं, "फाटली म्हणजे वाचली बाई. तुमच्या शाळेतली फाटलीत का?"

मागून कुणीतरी म्हणालं, "आमची एकदम कोरी आहेत." हॉल हसला. त्यांना तो विनोद वाटला.

प्रशिक्षण दुपारीच संपलं. मी रोह्याहून गाडी पकडली, कासूला उतरले आणि घरी न जाता मिनिडोर रिक्षाने शाळेत गेले. वाडीवरच्या त्या मुलीला सांगायचं होतं की आफ्रिकेत तुझ्याएवढी एक मुलगी काय करते.

शाळेच्या आवारात शिरले तर आवाज नाही. मधल्या सुट्टीनंतरची वेळ, आणि गलका नाही. व्हरांड्यात सतरंजी घातलेली होती. तिच्यावर सगळी शाळा बसली होती. मध्ये पाण्याने भरलेलं निळं प्लॅस्टिकचं पिंप, बाजूला पेणहून आलेला कारागीर बाह्या सरसावून उभा. मुलांच्या पुढ्यात पुस्तकांचे ढीग. त्यांना पानं फाडून पिंपात टाकायला सांगितलं होतं. आज हात धुवायला लावलेले नव्हते.

आणि मुलं वाचत होती.

पहिल्यांदा मला कळलंच नाही काय चाललंय. मग दिसलं. एक पान फाडायचं, ते टाकण्याआधी बघायचं, मग ते शेजारच्याला दाखवायचं. पहिलीतली मुलं चित्रांवर बोट ठेवून गोष्ट रचत होती. तिसरीतले दोघं एकाच पुस्तकावर डोकी जोडून बसले होते, एक मोठ्याने वाचत होता आणि दुसरा "थांब थांब, मागचं पान दे" म्हणत होता. गावातली, वाडीवरची, सगळी एकमेकांत मिसळलेली. इतकी वर्षं नोकरी केली, पण वाचनात बुडालेली शाळा मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. पिंपात पाणीच जास्त होतं, कागद थोडे.

कारागीर वैतागला होता. "सर, अशानं संध्याकाळ व्हईल. पोरं फाडत नायत, वाचत बसल्यात."

सर ऑफिसातून बाहेर आले. सगळीकडे नजर फिरवली आणि टाळी वाजवून म्हणाले, "वाचू नका रे, फाडा. पटापट."

एका प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापकाने, सरस्वतीच्या फोटोखाली उभं राहून, हे वाक्य उच्चारलं. मी ते माझ्या कानांनी ऐकलं. मुलं दचकली आणि फाडायला लागली. आज्ञाधारक मुलं आमची. टराटरा आवाज सुरू झाला.

माझ्या वर्गातली ती मुलगी खांबाच्या आडोशाला बसली होती. तिच्या मांडीवर पुस्तक होतं, आणि ते कुठलं हे मला लांबूनच कळलं. निळ्या मुखपृष्ठावर काळं पारडू. ढिगातून तिने ते शोधून काढलं होतं. तिने मला पाहिलं आणि पटकन पुस्तक फ्रॉकखाली सरकवलं. मी मान वळवली. म्हटलं, जाऊ दे, नेऊ दे.

पण सरांनी पाहिलं होतं. ते तिच्यापाशी गेले आणि हात पुढे केला. तिने पुस्तक काढून दिलं.

"बघितलंत मॅडम?" सर माझ्याकडे वळून म्हणाले. "म्हणून मी उघडत नव्हतो. ह्यांना चोरीची सवयच असते."

त्यानंतर मी जे बोलले त्यातलं सगळं छापण्यासारखं नाही. पण एवढं नक्की म्हणाले की सर, तिने हे फाडलं असतं तर तुम्ही शाबासकी दिली असती. वाचायला घेतलं म्हणून चोर ठरली. वाळवीने अख्खा खण खाल्ला तेव्हा वाळवीला चोर म्हणालात का? पोरांसमोर हे बोलायला नको होतं, असं नंतर मला खूप जणांनी सांगितलं. मला तर वाटतं पोरांसमोरच बोलायला हवं होतं. चोर तिला पोरांसमोरच म्हटलं होतं.

सर माझ्याशी भांडले नाहीत. त्यांनी ते पुस्तक दोन्ही हातांनी कपाळाला लावलं, डोळे मिटून नमस्कार केला आणि पिंपात सोडलं. पारडू क्षणभर वर तरंगलं. कारागिराने काठीने ते खाली दाबलं.

शाळेच्या गणपतीचा स्पर्धेत नंबर आला. सरांना शाल मिळाली. सभेत ते म्हणाले की आमच्या मुलांनी पुस्तकांतून देव घडवला, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. मी हात मांडीवरच ठेवले.

मुलगी शाळेत येत राहिली. साहेब कधी येणार, हे विचारायचं तिने बंद केलं. नवं कपाट घेऊन कंपनीची माणसं आली तेव्हा तिला एक नवं कोरं पुस्तक मिळालं. ते तिने पूर्ण वेळ मांडीवर मिटून ठेवलं. फोटोत ते कुणाच्याच लक्षात आलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीआधी एकदा मात्र ती शाळा सुटल्यावर मागे रेंगाळली.

"बाई, पानी आलं का चिखल सैल व्हतो. पारडू सुटलं असंल ना?"

"तुला शेवटचं वाचायला मिळालं नाही?"

तिने मान हलवली. ढिगात पुस्तक सापडल्यावर ती पहिल्या पानापासून वाचायला लागली होती, म्हणजे या वेळी सलग वाचून होईल. शेवटाकडे पोचायच्या आतच सर आले.

मी तिला शब्द दिला. म्हटलं, तू भट्टीवर जायच्या आत मी तुला सांगते त्या पारडाचं काय झालं.

मग मी ते पुस्तक शोधायला लागले. पेणमधली दुकानं पालथी घातली, रोह्यातली घातली. ते दुकानात मिळणारं पुस्तकच नव्हतं, शाळांना वाटलेलं होतं. शिक्षकांच्या ग्रुपवर टाकलं, कुणाकडे आहे का? धडाधड उत्तरं आली. आहे, पण किल्ली सरांकडे. आहे, कपाट साहेब आल्यावर उघडू. आहे, एकदम नव्यासारखं. एकाने तर प्लॅस्टिकच्या वेष्टणासकट फोटो पाठवला. म्हणजे दोन तालुक्यांत ते पारडू जागोजागी उभं होतं, पोटापर्यंत पाण्यात, आणि कुणी त्याला पुढे जाऊ देत नव्हतं. एकाही उत्तर देणाऱ्याला त्याचं पुढे काय होतं ते सांगता आलं नाही. मी तेही विचारून पाहिलं होतं.

शेवटी रोह्याच्या बाजूच्या एका शाळेतले गुरुजी कपाट उघडायला तयार झाले. पण किल्ली घेऊन ते सुट्टीत गावी गेले होते. म्हणाले, शाळा उघडली की या. शाळा उघडल्याच्या पहिल्याच दिवशी मी रजा टाकून गेले. "न्यायला नाही देता येणार हं बाई," ते ओशाळून म्हणाले. पुस्तकाचं प्लॅस्टिक मीच फाडलं. पानं एकमेकांना चिकटलेली होती, कोऱ्या नोटांसारखी. मी कपाटापाशी उभ्यानेच वाचलं. शेवटची पानं दोनदा वाचली, शब्द न शब्द ध्यानात ठेवला आणि तशीच गाडीला पळाले.

वाडीवर पोचले तेव्हा ऊन कलत होतं. झोपड्यांचे कुडाचे दरवाजे सुतळीने बांधलेले. कोंबड्या नाहीत, मुलं नाहीत. एक म्हातारी तेवढी अंगणात वाल निवडत बसली होती.

"गेली गो बाई सगली. परवा टरक आला व्हता."

"कुठे?"

"मुकादम नेईल थितं. आमाला कोन सांगतंय?"

मुकादमाचा नंबर मिळवला. तो लागत नाही. अजून लागत नाही. कुणी म्हणतं घाटावर गेलीत, कुणी म्हणतं कर्नाटकात.

म्हातारीने विचारलं, "काय काम व्हतं पोरीकडं?"

मी म्हटलं, "एका पारडाचं सांगायचं होतं."

"कुनाचं पारडू?"



नव्या कपाटाला काचेची दारं आहेत. पुस्तकं आता बाहेरूनही दिसतात, पाहुण्यांना कौतुक वाटतं. कुलूप जुनंच, पितळी. मी पुन्हा मागणी केली आहे, आणि वरही लिहून कळवलं आहे. वरून "बघू" असं आलं आहे.

त्या पारडाचं पुढे काय झालं ते मला आता माहीत आहे. ही हकीकत ऐकणारा प्रत्येक जण शेवटी तेच विचारतो. वर्गातल्या मुलांनी विचारलं, घरच्यांनी विचारलं, एकदा सरांनीसुद्धा विचारलं. मी कुणाला सांगितलेलं नाही, आणि तुम्हालाही सांगणार नाही. आधी तिला सांगायचंय.